पाहुण्यांचा वर्ग

जालन्याच्या एप्रिलमध्ये लोकरी कोट घालून शिकवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. त्याच्यासमोर लाकडी बाकावर सात महिने बसलेय. पंखा बंद, रस्त्याकडची खिडकी बंद, कपाळावरून निघालेली घामाची धार नाकाच्या शेंड्याशी येऊन थांबलेली, आणि सर फ्रेंचमधून अठराव्या शतकातल्या विचारवंतांबद्दल बोलतायत. एकदा मी धीर करून विचारलं, "सर, कोट कशासाठी?"

"तिकडं नोव्हेंबरात वर्गात कुणी कोट काढत न्हाई. सवय पाहिजे."

"पण जायचंय मला. सवय तुम्हाला कशाला?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि फ्रेंचमध्ये सांगितलं, की हा प्रश्न आजच्या विषयात बसत नाही.

अशा माणसाबद्दल लिहायचं तर राग आवरून लिहावं लागतं, आणि तो काही माझा स्वभाव नाही.

मी वाटूरची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी बी.ए. झाले, इतिहासात एम.ए. झाले, जालन्याच्या एका कॉलेजात तासांवर शिकवायला लागले. दर रविवारी एसटीनं औरंगाबादला जाऊन दोन वर्षांचा फ्रेंचचा कोर्सही केला. कशाला केला, असं तेव्हाही सगळे विचारायचे. असा कोर्स असतो आणि आपल्याला करता येतो, हे कळलं म्हणून केला. नव्वद उलटून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा पेपरात जाहिरात आली. फ्रान्समधल्या एका विद्यापीठात वर्षभर शिकायला शिष्यवृत्ती. इतिहास, तत्त्वज्ञान, कला, समाजशास्त्र, सगळं फ्रेंचमधून. मुंबईला मुलाखत. वयाची अट तीस, आणि मला तिसावं लागलेलं. म्हणजे जे काय व्हायचं ते याच वर्षी.

आमच्या प्राचार्यांनी सरांचं घर सांगितलं. "तत्त्वज्ञान शिकवायचे, रिटायर झालेत. तरुणपणी तिकडं शिकून आलेत. जालन्यात या कामाचा दुसरा माणूस न्हाई. जा, पण डोकं थंड ठेवून जा."

गेले. सर्टिफिकेट सोबत नेलं होतं, पहिल्या वर्गाचं.

सरांनी ते वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजू पाहिली आणि परत दिलं. "फ्रेंच येतं?"

"येतं."

"मंग इथं कशाला आलीस?"

मी सर्टिफिकेट घडी घालून पिशवीत टाकलं. ते म्हणाले, "मी फ्रेंच शिकवत न्हाई. मी इतिहास शिकवतो, तत्त्वज्ञान शिकवतो. फ्रेंचमधून. भाषेत अडलीस तर ते तुझं तू बघायचं. गाव कोणतं?"

"वाटूर."

"बुधवारी ये, वाटूर. दुपारी तीन ते पाच."

तेव्हापासून मी वाटूर. माझं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही. माझ्याआधी त्यांच्याकडे दोघेजण शिकून गेले होते. एक पिंपळगाव रेणुकाईचा, त्याला ते पिंपळगाव म्हणायचे. दुसरा जालन्याचाच, मग त्याला काय म्हणणार? तो स्टेशनजवळ राहायचा म्हणून स्टेशन. दोघंही अर्ध्यात सोडून गेले. सर त्यांच्याबद्दल बोलताना, "स्टेशन पळालं," असं म्हणत, आणि नवीन माणसाला वाटायचं याचं डोकं फिरलंय.

शिकवण्याची तऱ्हा सांगते. बुधवार आणि शनिवार, दोन-दोन तास. सर भिंतीकडे तोंड करून, पिवळ्या पडलेल्या वह्यांमधून, न थांबता बोलत. फळ्यावर काही लिहायचं नाही, वाक्य पुन्हा म्हणायचं नाही, प्रश्न विचारू द्यायचा नाही. मी मिळेल ते टिपून घ्यायचं. पुढच्या वेळी वही तपासून वीसपैकी गुण. बरं, निदान शांतता तरी असावी. तर शेजारच्या खोलीत रेडिओवर शेतीचा कार्यक्रम मोठ्यानं लावलेला, आणि स्वैपाकघराचं दार मुद्दाम उघडं. काकूंना सांगून ठेवलेलं, की कुकर याच वेळेला लावायचा.

"तीन वाजता कोण कुकर लावतं?" काकू मला म्हणायच्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. "पण यांचं म्हणणं, तिकडं पाचशे पोरं असतात वर्गात, खोकतात, बाकं वाजवतात. म्हणून मी रोज डाळ शिजवून राह्यले. रात्री तीच गरम करून खायची. तुमचं शिक्षण होऊन राह्यलंय आणि आमचं पोट बिघडून राह्यलंय."

पहिल्या वहीला मला वीसपैकी दोन मिळाले. एम.ए.ला जिल्ह्यातून गेलेल्या मुलींत पहिली आलेली मी. मी विचारलं, "दोन कशाचे?"

"तारीख बराबर लिहिलीस. आणि अक्षर चांगलं आहे."

याहून डोकं उठवणारी गोष्ट म्हणजे आराखडा. तिकडे वर्गात विद्यार्थ्याला उभं करून दहा मिनिटांत एखादा विषय मांडायला लावतात, त्याला म्हणतात एक्सपोजे. त्याची एक ठरलेली बांधणी असते. आधी प्रश्न मांडायचा, मग दोन भाग, प्रत्येक भागात दोन मुद्दे, मग शेवट. सरांचं ठाम मत होतं, की माहिती चुकली तर तिकडचा प्राध्यापक एखादे वेळी माफ करेल, बांधणी चुकली तर बिलकुल करणार नाही. इथवर ठीक. पण ही बांधणी त्यांच्या अंगात भिनली होती. मला उशीर झाला आणि मी म्हटलं, "सर, एसटी बंद पडली," तर ते म्हणत, "हा एक मुद्दा झाला. दुसरा?" मग मला दारात उभं राहून दुसरा मुद्दा शोधावा लागे. काकू आतून ओरडायच्या, "सोडा तिला. भाजी आणायला धाडलं तरी हे पिशवी घेऊन दारात उभे राहतात. म्हणतात, आधी प्रश्न काय आहे ते सांग. म्हटलं, प्रश्न वांग्याचा आहे."

फेब्रुवारीत, मुलाखतीला वीसेक दिवस राहिले असताना, त्यांनी कहर केला. मी शनिवारी गेले तर बाकावर तीन माणसं बसलेली. समोरच्या बियाण्याच्या दुकानाचे मालक, ज्यांना गल्लीत सगळे शेठ म्हणत. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या नर्सबाई. आणि काकू, तांदूळ निवडत.

सर म्हणाले, "आज हे ऐकणार. स्वातंत्र्य या शब्दाचा अठराव्या शतकातला अर्थ. दहा मिनिटं. सुरू कर."

"सर, यांना फ्रेंच येतं?"

"न्हाई येत. त्यांचं काय बिघडतं?"

शेठ म्हणाले, "बोल, बोल. आम्ही बसून राह्यलो न आरामात."

मी बोलले. घाम पुसत, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, दहा मिनिटं. सरांनी घड्याळ बघून हात वर केला, मी थांबले. मग या माणसानं त्या तिघांना विचारलं, "कसं वाटलं?"

नर्सबाई म्हणाल्या, छान, रेडिओसारखं. काकू म्हणाल्या, पोरीला पाणी द्या आधी. शेठ म्हणाले, "मला एक शब्द कळला न्हाई, सर. पण सांगू का? सुरुवातीला पोरगी माल उघडा करून दाखवत होती. शेवटीही ठीक. मधे मात्र पोत्याचं तोंड दाबून धरून बोलली. माझा जन्म बियाणं विकण्यात गेला. ते मला समजतं."

"मधे म्हणजे कधी?"

"तेच, हात मागं बांधले होते तिनं, तवा."

सर माझ्याकडे वळले. "दुसरा भाग कुठून घेतला?"

"एका पुस्तकातून."

"समजला होता?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. "न्हाई."

"सहा," सर म्हणाले, आणि शेठला चहा विचारायला लागले.

मी त्या दिवशी चप्पल घालतानाच ठरवलं, की पुन्हा या घराची पायरी चढायची नाही. फ्रेंच न कळणाऱ्या माणसानं माझ्या फ्रेंचमधली लबाडी पकडावी, यासारखा अपमान मी आजवर सोसला नव्हता. बुधवारी परत गेले. मुलाखत डोक्यावर होती, दुसरा इलाज काय होता? आणि दुसरा भाग पहिल्यापासून नव्यानं लिहून नेला. त्याला आठ मिळाले.

मुलाखत झाली. मुंबईला तिघे समोर बसले होते, एकानं विषय दिला, मी मांडला. महिनाभरानं पत्र आलं, निवड झाली. मी पेढे घेऊन सरांकडे गेले. त्यांनी पेढा हातात धरून विचारलं, "कोणते विषय घेणार?"

आता इथून पुढं जे झालं ते नीट ऐका, कारण अजून आमच्या घरचेसुद्धा मला विचारतात की तू त्या मास्तरावर एवढी का चिडतेस.

पत्रासोबत एक फॉर्म आला होता. त्यात दोन वाटा होत्या. एक, बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी खास वर्ग. इतिहास, कला, सगळं त्यातही होतं, पण सावकाश बोललेल्या फ्रेंचमध्ये, वीस-पंचवीस जणांत, छापील टिपणं हातात देऊन. दुसरी वाट, तिथल्या फ्रेंच पोरांबरोबर त्यांच्याच वर्गात बसायचं, त्यांचीच परीक्षा द्यायची. शिष्यवृत्तीची अट दोन्हींना एकच: पहिल्या सत्रात वीसपैकी दहाच्या खाली गेलं, की शिष्यवृत्ती बंद, जानेवारीत परतीचं तिकीट. खास वर्गात कुणी दहाच्या खाली जात नाही, हे मला मुंबईतच एकीनं सांगितलं होतं. मी काय करणार? मी खास वर्गावर खूण केली. पेन्सिलीनं, कारण सरांना स्पेलिंग तपासायला द्यायचं होतं, मग मी शाईनं गिरवणार होते.

पेन्सिलीनं भरलेला फॉर्म या माणसाच्या हातात देण्याचा मूर्खपणा माझा. तेवढा मी मान्य करते.

शनिवारी गेले तर त्यांनी माझ्या हातात पोस्टाची पावती ठेवली. "रजिस्टर करून टाकलं. पावती जपून ठेव."

"काय रजिस्टर केलं?"

"फॉर्म. स्पेलिंग दोन चुकली होती. आणि विषय चुकला होता. ती पाहुण्यांची वाट आहे, वाटूर. मी खोडून बराबर केलं."

काकू हातात चहाचे कप घेऊन दारातच थांबल्या. मी म्हटलं, "सर, मी तिकडे नापास झाले तर मला जानेवारीत परत पाठवतील. माझं वय निघून गेलेलं असेल. हे माझं आयुष्य आहे."

"म्हणून तर शाईनं लिहिलं."

काकू म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो?" सर कोटाचं बटण लावत भिंतीकडे वळले आणि शिकवायला लागले. मी उठून निघून आले. त्यानंतर फ्रान्सला निघेपर्यंत त्यांच्याकडे गेले नाही.

दुसरं पत्र पाठवून बदल करता आला असता. पण या बाईला स्वतःला काय पाहिजे ते ठाऊक नाही, असं तिकडच्या ऑफिसात कुणी म्हणावं, हे मला चालणार नव्हतं. माझा ताठा. तो सरांनी हिशेबात धरला होता, असा माझा संशय आहे.

निघायच्या आधी वाटूरला चौकात माझा सत्कार झाला. मांडव, लाऊडस्पीकर, शाल, नारळ. दादा, म्हणजे माझे वडील, धुवट धोतर नेसून पहिल्या खुर्चीवर बसले होते. सरपंचांनी सांगितलं, की पोरगी वर्षभरासाठी फ्रान्सला चालली, आपल्या गावातून पहिली. दादा नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वर्षभर म्हंजे बारा महिने न? मी परतूर, मंठा, सगळीकडं सांगून आल्तो." मी म्हटलं, बाराच. नापास झाले, तर जानेवारीत एसटीतून उतरताना हाच चौक लागणार होता.

तिकडचं फार सांगत नाही. थंडी होती, भाकरी नव्हती, माणसं बरी होती. वर्ग मात्र सरांनी सांगितला तसाच निघाला. मोठ्या उतरत्या सभागृहात प्राध्यापक खाली टेबलाशी वाचत, न थांबता, दोन तास, आणि पोरं खोकत, बाकं वाजवत, शेजाऱ्याशी बोलत. कोट कुणी काढत नव्हतं. हे बघून मला बरं वाटायला हवं होतं. मला उलट जास्त राग आला. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच पहिली एक्सपोजे झाली, वीसपैकी साडेसहा. मग एक लेखी परीक्षा, सात. उरली सत्राची मोठी परीक्षा, निम्म्याहून जास्त गुणांची. ऑफिसातल्या बाईंनी मला बोलावून घेतलं, फार गोड बोलल्या. म्हणाल्या, डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंत खास वर्गात बदली करून घेता येते, मागचे गुण धरत नाहीत, तुझ्यासारखे पुष्कळ जण करतात. फॉर्म दिला.

मी खोलीवर येऊन सरांना पत्र लिहिलं. चार पानं. फ्रेंचमध्ये लिहिलं, कारण मराठीत लिहिलं असतं तर शिव्या आल्या असत्या. तुम्ही माझा फॉर्म चोरलात, असं लिहिलं. तुम्हाला माझी काळजी नव्हती, तुम्हाला तुमची पद्धत खरी करून दाखवायची होती, माझ्या जिवावर. माझ्या वडिलांनी तीन तालुक्यांत सांगून ठेवलंय, ते कुणाला तोंड दाखवतील? एअरमेलनं टाकलं आणि जरा हलकं वाटलं.

तीन आठवड्यांनी जाड पाकीट आलं. आत माझंच पत्र. चारही पानांवर लाल शाई. क्रियापदं दुरुस्त केलेली, स्वल्पविराम टाकलेले, दुसऱ्या पानाच्या समासात, "आरोप केलास, पुरावा कुठे?" तिसऱ्या पानावर, "हा मुद्दा पहिल्या भागात जायला हवा." आणि शेवटी, गोल करून, वीसपैकी अकरा. सात महिन्यांत त्यांनी मला दिलेला सगळ्यात मोठा आकडा नऊ होता.

मी पत्र भिरकावलं. मग उचललं, कारण शेवटच्या पानाच्या मागं काहीतरी लिहिलेलं दिसलं. मराठीत. सरांचं मराठी अक्षर मी पहिल्यांदाच पाहत होते, बारीक, डावीकडे झुकलेलं.

"मला पहिल्या सत्रात चार मिळाले होते. मी पाहुण्यांच्या वर्गात गेलो. सगळे फार प्रेमानं वागले. वर्षभर कुणी माझं म्हणणं खोडलं न्हाई. सर्टिफिकेट घेऊन परत आलो. तुझा फॉर्म मी भरायला नको होता, त्याबद्दल तू लिहिलेलं बराबर आहे. आता जे करायचं ते तूच ठरव."

हे वाचून मला काय वाटलं म्हणता? संताप. सात महिने त्या बाकावर बसवलं, तेव्हा हे एका वाक्यात सांगता येत नव्हतं? आणि आता सांगितलं ते अशा वेळी, की सगळा भार माझ्यावर. शाईनं लिहून टाकलं होतं तोवर निदान शिव्या द्यायला एक माणूस होता.

शुक्रवार आला. मी सकाळचा तास करून ऑफिसच्या रांगेत उभी राहिले, हातात बदलीचा फॉर्म. नाव, देश, विषय, सगळं भरलेलं. एकच रकाना राहिला होता: बदलीचं कारण. रांगेतल्या पोरानं आपला फॉर्म दाखवला, त्यानं लिहिलं होतं, "व्याख्यानं समजत नाहीत." म्हणाला, सगळे हेच लिहितात. मी भिंतीला कागद टेकवला आणि तेच लिहायला लागले. दोन शब्द लिहून झाले आणि पेन थांबलं. कारण त्या दिवशी सकाळी दोन तास मी न चुकता टिपणं घेतली होती, सात पानं, आणि पाचव्या पानाच्या समासात मी प्राध्यापकांच्या एका मुद्द्याबद्दल लिहिलं होतं, "हे पटत नाही." व्याख्यान समजत नाही असं मी लिहिलं, तर ते खोटं होतं. नापास होण्याची भीती वाटते, हे खरं होतं, पण ते लिहायला माझा हात उठेना. दुसरं कारण शोधत मी उभी राहिले. माझ्या मागची माणसं पुढं गेली. बाईंनी खिडकीतून विचारलं, मॅदमोआझेल, तुमचं? मी म्हटलं, अजून लिहून झालं नाही. चार वाजता त्यांनी खिडकी बंद केली.

मग महिनाभर मी धड झोपले नाही आणि धड जेवले नाही, ते जाऊ द्या. जानेवारीत मोठ्या परीक्षेचे गुण लागले, आणि सगळं धरून सत्राची सरासरी निघाली. वीसपैकी सव्वादहा. मी यादीसमोर उभी राहून तो आकडा तीनदा वाचला. दादांना तार केली, "बारा महिने." सरांना पोस्टकार्डावर फक्त आकडा लिहिला, वर नाव नाही, खाली सही नाही. म्हटलं, आता बघू काय दुरुस्त करतात.

उत्तर आलं, एका ओळीचं. "दहाचं समजलं. वरचा पाव गुण कशाबद्दल दिला, ते विचारून कळव."

मी कार्ड टेबलावर आपटलं. शेजारच्या खोलीतली मुलगी बघायला आली, काय झालं म्हणून. हा माणूस म्हणजे, असं मी तिला मराठीतच सांगायला लागले, आणि तिला काही कळेना.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटला. पोरं कोट सावरत बाहेर पडली, आणि मी मनातल्या मनात सरांना शिव्या देत, पाव गुणाचा जाब विचारायला, पायऱ्या उतरून प्राध्यापकांच्या टेबलाकडे निघाले.